ग्लोव्हचं एक बोट

माझा उजवा हात अमरावतीत बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे. हे मी स्वतःच सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरं कोणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. मी इथल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. आमच्याकडे किलो-सव्वा किलोची बाळं येतात. त्यांच्या मनगटावरची शीर म्हणजे शिवणाचा दोरा, आणि त्या दोऱ्यात एक बारीक नळी सरकवायची असते. तिला आम्ही लाइन म्हणतो. बाळाला दूध पचायला लागेपर्यंत त्याचं अन्न, पाणी, औषध सगळं त्या लाइनीतून जातं.

ज्यांना लाइन लागत नाही ते मला बोलावतात. डॉक्टरही बोलावतात, फक्त ते जरा इकडेतिकडे पाहून बोलावतात. एकदा तर दुसऱ्या दवाखान्याच्या माणसाने मला स्कूटीवर मागे बसवून नेलं होतं. संध्याकाळी राजापेठेत सगळे क्लासेस एकदम सुटलेले, चहूबाजूंनी गाड्या अंगावर येतायत, आणि मी पडले तर डावीकडे पडायचं असं ठरवून उजवा हात पदरात गुंडाळून बसलेली. लाइन पहिल्या फटक्यात लागली. परत येताना मी जो भाव खाल्ला तो त्या माणसाला अजून आठवत असेल.

माझी एक खास पद्धत होती. ग्लोव्ह घातला की शीर बोटाला कळत नाही. म्हणून मी उजव्या हाताच्या ग्लोव्हचं अंगठ्याशेजारचं बोट, फक्त टोकाशी, दातांनी नव्हे, कात्रीने कापायची. बाकी चार बोटं झाकलेली, एक उघडं. ही विद्या मला अकोल्यात शिकत असताना मला शिकवणाऱ्या सिस्टरांनी दिली होती आणि मी ती पुढे सगळ्यांना देत होते. "शीर बोटाशी बोलते," असं मी नव्या मुलींना सांगायची. त्या माना डोलवायच्या. झाडणाऱ्या मावशींना खाटांखाली रबराची टोकं सापडायची. "पाहा, बाईचं बोट पुन्हा गळून पडलं," म्हणत त्या ती केरात भरायच्या आणि आम्ही सगळ्या हसायचो.

माझ्याकडे आणखी एक काम होतं, संसर्गाच्या रजिस्टरचं. बाळ दवाखान्यात आल्यावर दोन दिवसांच्या पुढे त्याच्या रक्तात जंतू निघाला, तर तो दवाखान्याने दिला असं धरतात. असे संसर्ग मोजायचे आणि महिनाअखेर मोठ्या डॉक्टरांपुढे आकडा ठेवायचा. लाल पेन माझं, रजिस्टर माझं, निकालही माझाच.

मी फार न्यायी होते. प्रत्येक केस नीट ऐकून घ्यायची आणि बहुतेकांना निर्दोष सोडायची. हे बाळ अचलपूरहून गाडीतून आलं, रस्त्यात काय लागलं असेल कुणाला माहीत, सोडून द्या. याच्या आईलाच ताप होता, सोडून द्या. हा तर साधा कातडीवरचा जंतू, रक्त काढताना बाटलीत पडला असेल, याला कसला संसर्ग म्हणायचा. अशा रीतीने महिन्याचा आकडा एक नाहीतर दोन यायचा. शून्य मी मुद्दाम ठेवत नसे, कारण शून्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

मग कॉम्प्युटरमध्ये ते नवं प्रकरण आलं. समजावून सांगायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्या इतक्या हळू आणि गोड बोलत होत्या की आम्हाला वाटलं कोणीतरी गेलं आहे. त्यांनी सांगितलं की बाळ कधी भरती झालं ते कॉम्प्युटरला माहीत असतं, प्रयोगशाळेतून रक्ताचा रिपोर्ट थेट त्याच्याकडे जातो, आणि अठ्ठेचाळीस तासांनंतरच्या रक्तात जंतू निघाला तर तो आपला आपणच मोजून घेतो.

"कोणाले विचारत नाही?" मी विचारलं.

"गरजच पडत नाही," त्या हसून म्हणाल्या.

"अन् आमचं काही म्हणणं असलं तं?"

"ते तुम्ही नंतर बोलू शकता," त्या म्हणाल्या. म्हणजे आधी मोजणार आणि मग ऐकणार. दुपारच्या चहापर्यंत आमच्या वॉर्डात त्या कॉम्प्युटरचं नाव 'सासू' पडलं होतं. सगळं पाहते, तोंडावर काही बोलत नाही, आणि महिनाअखेर चारचौघांत सांगते. नाव मीच ठेवलं होतं.

मोठ्या डॉक्टरांशी मी पैज लावली. महिनाभर रजिस्टर आणि सासू दोन्ही चालू ठेवायची. सासूचा आणि माझा आकडा जुळला तर त्यांनी सगळ्या वॉर्डाला गिला वडा खाऊ घालायचा, नाही जुळला तर मी. डॉक्टर कमी बोलणारे, वयाने माझ्याएवढेच. ते फक्त "बरं" म्हणाले. त्यांनी इतक्या सहज "बरं" म्हटलं तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं.

मध्येच मी एक चलाखीही करून पाहिली. एका बाळाला संध्याकाळपासून बरं वाटत नव्हतं आणि रक्त तपासायला पाठवायचं होतं. मी घड्याळ पाहिलं. "पाठवायचंच आहे तं आत्ताच पाठवा," मी ड्युटीवरच्या डॉक्टरला म्हणाले, "दोन तासांनी अठ्ठेचाळीस पूर्ण होतात." मोठे डॉक्टर मागेच उभे होते. ते म्हणाले, "सिस्टर, रक्त बाळाकडं पाहून पाठवायचं की घड्याळाकडं पाहून?" माझं तोंड एवढंसं झालं. बाळ आजारी होतं म्हणून रक्त तर लगेच गेलंच, पण मी बोलले ते बाळासाठी नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

महिनाअखेर माझ्या रजिस्टरात दोन होते आणि सासूकडे पाच.

मी त्या तीन जास्तीच्या नावांवर वकिलासारखी भांडले. तिन्हींमध्ये कातडीवरचाच जंतू निघाला होता, आणि तो बाटलीत पडला असणार हे माझं म्हणणं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. तिन्ही बाळांचं रक्त दोन वेगवेगळ्या वेळी काढलं होतं, आणि दोन्ही वेळा तोच जंतू होता. एकदा चुकून बाटलीत पडतो, दोनदा तोच कसा पडेल? दुसरा रिपोर्ट आला तेव्हा मी पहिल्याचा निकाल देऊन पान उलटलेलं होतं. सासूने पान उलटलं नव्हतं. मी निमूट गिला वडा आणला. तो खाताना मावशी मला म्हणाल्या, "बाई, वडा तं मस्त हाय, असंच हरत जा."

इथवर सगळी मजाच होती. पण त्या तीन बाळांपैकी एक पातूरचं होतं, आणि त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

ते अकराशे ग्रॅमचं आलं होतं. पहिले काही दिवस छान गेले, आणि मग एका सकाळी ते राखेसारखं दिसायला लागलं. श्वास घ्यायचं विसरायचं. आम्ही पाठीवर टिचकी मारून आठवण करून द्यायचो. आठ दिवस ते असंच या काठावर त्या काठावर होतं. त्याची आई, अंगाने बारीक पण बोलायला खणखणीत, काचेबाहेर उभी असायची. बाकीच्या आया विचारायच्या, "बाळ कसं आहे?" ही विचारायची, "आज किती वेळा इसरलं श्वास घ्याचं?" खरं उत्तर दिलं की मान हलवायची आणि जाऊन डब्यातली भाकर खायची. बाळ वाचलं. घरी न्यायच्या दिवशी तिने माझा उजवा हात धरला आणि कपाळाला लावला. "या हाताले जस हाय, बाई," ती म्हणाली. मला असं खूप जणी म्हणतात. तरी घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं.

पुढच्या महिन्यात सासूने नवीनच गोष्ट सुरू केली. प्रत्येक संसर्गापुढे ती लाइन कोणी टाकली त्याचं नाव दाखवायला लागली. माझ्या त्या तीन भांडणाच्या बाळांपुढे एकच नाव होतं, आमच्या वॉर्डातल्या अकोल्याच्या सिस्टरचं.

ही अकोल्याची सिस्टर आमच्याकडे कंत्राटावर होती. तिच्या वडलांचं अकोल्यात गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. माझं माहेरही अकोला, त्यामुळे ऊन कुठलं जास्त कडक यावर आम्ही दोघी मिळून अमरावतीकरांशी भांडायचो. ती पटपट टाइप करायची, म्हणून वॉर्डातल्या निम्म्या नोंदी तिच्याच नावाने व्हायच्या. मी कॉम्प्युटरला हात लावत नसे. माझा पासवर्ड मी कधी विसरले नाही, कारण तो मी कधी वापरलाच नव्हता.

यादी पाहून मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. पाचाचा आकडा आता कुणाच्या तरी माथी बसणार होता, आणि ते माथं माझं नव्हतं. मेट्रन म्हणाल्या, शुक्रवारी मीटिंग घेऊ, हिचं कंत्राट याच महिन्यात संपतंय, नाव असं पुढे आलं असेल तर वाढवताना विचार करावा लागेल. मीही मान डोलावली. वर "मुलगी तशी चांगली आहे," असंही म्हणाले. असं आपण कोणाला जाऊ द्यायचं ठरवलं की म्हणतो.

बुधवारी दुपारी चहाच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. तिने कप खाली ठेवला.

"मोठ्या सिस्टर, एक बात विचारू? बुरा नका मानू."

"विचार ना."

"त्या तिन्ही लाइनी कोणी टाकल्या?"

मी एकेक आठवत गेले. एक खिडकीजवळच्या काचेच्या पेटीतलं बाळ. तिला शीर सापडेना म्हणून मला हाक मारली होती. दुसरं जुळ्यातलं धाकटं, तिथेही मीच. तिसरं पातूरचं. पहिल्याच फटक्यात लागली होती आणि मी म्हटलं होतं, "पाहिलं?"

"तुमी टाकल्या," ती म्हणाली. "मी ट्रे धरून उभी होती. मंग नोंद मी केली, कारण तुमी लॉगिन करत नाही."

"मग तू मीटिंगमध्ये सांग ना तसं."

"मी सांगितलं तं कोण मानंल? तुमच्या हाताले तं जस हाय."

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. ते जास्त लागलं. मी म्हटलं, मी टाकल्या म्हणून काय झालं, मी काय घाणेरड्या हाताने टाकते? तिने कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "हात तं तुमी आमच्यापेक्षा जास्त धुता. पण शीर पाहताना तुमचा चष्मा खाली घसरते. तुमी तो वर करता. त्याच उघड्या बोटानं. अन् मंग थेच बोट बाळाले."

मला राग आला. इतका की चहा अर्धा सोडून मी उठून गेले. घरी जाऊन भांडी आपटली. नवऱ्याने काय झालं विचारलं तर त्यालाच म्हटलं, तुम्हाला काय करायचंय. मग हात धुवायला बेसिनशी गेले, समोर आरसा, आणि मी सवयीने चष्मा वर केला. एका बोटाने. ते बोट मी कितीतरी वेळ पाहत राहिले.

मी गप्प बसले असते तर चालून गेलं असतं. सासूला आम्ही टाइप केलेलं तेवढंच दिसत होतं. मी तिला इतके दिवस घाबरले, पण माझ्यापुरती ती आंधळीच होती. खरं दोघींना माहीत होतं, आणि त्यातल्या एकीचं कोणी ऐकणार नव्हतं. तिची नोकरी जाणार होती आणि माझा हात तसाच प्रसिद्ध राहणार होता. गुरुवारची रजा टाकून मी घरी बसले आणि दिवसभर स्वतःला सांगत राहिले की बोटामुळेच झालं असं कुठे सिद्ध झालंय. झालेलं नव्हतंच. पण माझ्या रजिस्टरात मी अशाच कारणांनी सगळ्यांना सोडत आले होते, आणि त्या सगळ्यांत मीही सुटत आले होते, हे मला त्या दिवशी दिसलं. लाज वाटली. स्वच्छ, सरळ लाज.

शुक्रवारी मेट्रननी सुरुवात केली, "नव्या मुलींच्या कामात जरा..."

"थांबा," मी म्हटलं. माझं चांगलं पाठ केलेलं भाषण होतं, ते पार उडून गेलं. मी खिशातून ग्लोव्ह काढला, उजव्या हातात घातला, कात्रीने बोटाचं टोक कापलं. ते टेबलावर पडलं. मग मी त्या बोटाने चष्मा वर केला आणि तेच बोट टेबलावर टेकवलं, जसं मनगटावर टेकवते तसं.

"या तिन्ही लाइनी अशा टाकल्या," मी म्हणाले. "मी टाकल्या. हिनं फक्त नोंद केली."

मोठे डॉक्टर त्या रबराच्या टोकाकडे पाहत होते.

"हे तुम्ही बाकीच्यांनाही शिकवलंत?"

"हो."

"किती वर्षं झाली?"

"सर, थे नका विचारू."

मागे कोणीतरी हसलं. मग डॉक्टर म्हणाले की बोटामुळेच झालं असं खात्रीने कोणालाच सांगता येणार नाही, पण ग्लोव्ह अख्खा हवा हे खात्रीने सांगता येतं. आजपासून ज्याने लाइन टाकली त्यानेच स्वतःच्या नावाने नोंद करायची. त्यांनी खोलीत नजर फिरवली तेव्हा आणखी चार सिस्टर खाली पाहत होत्या. माझ्याच विद्यार्थिनी.

अकोल्याच्या सिस्टरचं कंत्राट वाढलं. तिने माझे आभार मानले नाहीत, आणि मानले असते तर मला आणखी वाईट वाटलं असतं.

अख्ख्या ग्लोव्हने मी पहिली लाइन टाकायला गेले तेव्हा सगळा वॉर्ड काही ना काही निमित्ताने तिथेच घोटाळत होता. मला शीर सापडली नाही. दुसऱ्यांदाही नाही. इतक्या वर्षांनी मी ट्रे दुसरीच्या हातात दिला. अकोल्याच्या सिस्टरने बाळाच्या तळव्याखाली छोटा दिवा धरला, हात आतून लालसर उजळला आणि त्यात शीर काळ्या रेघेसारखी उमटली. "बोटाले नाही समजत तं डोळ्यानं पाहा," ती म्हणाली, आणि नळी सरकवली. मी महिनाभर तिच्याकडून ते शिकले. आता मला जमतं. माझा पासवर्डही मी रोज वापरते. सासूच्या यादीत मध्ये एकदा माझं नाव आलं, माझ्याच लॉगिनने, आणि मी कोणाशीही भांडले नाही. मावशी म्हणाल्या, बाईची तब्येत बिघडली वाटते.

नंतर काही महिन्यांनी बाह्यरुग्ण विभागात माझी ड्युटी होती. पातूरची ती आई तपासणीला आली. बाळ ओळखू येईना. गालांवर गाल, कपाळावर मोठी तीट, आणि येईल त्याच्याकडे पाहून बोळकं पसरणारं. मला पाहताच तिने त्याला सरळ माझ्यापुढे धरलं.

"घ्या, तुमच्या हाताचं लेकरू. या हातानंच वाचलं."

घेतलं असतं. सोपं होतं. पण माझे हात पुढे गेले नाहीत. मी तिला बाजूच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. लाइन मी टाकली, ग्लोव्हचं बोट मी कापलेलं होतं, तुझं बाळ आठ दिवस जे आजारी होतं ते बहुतेक त्या बोटामुळे. डॉक्टरांनी तिला जंतू दवाखान्यात लागला एवढं आधीच सांगितलं होतं. कोणाच्या हातून, ते कोणी सांगितलं नव्हतं. ती मला शिव्या देईल असं मला वाटलं, आणि खरं म्हणजे तिने द्याव्या असंही वाटलं.

बाळाने तिच्या मंगळसूत्राचा मणी तोंडात घातला, तो तिने काढला. मग माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या चष्म्याकडे, आणि मग कोपऱ्यातल्या नळाकडे.

"मंग धुऊन या ना हात," ती म्हणाली, "अन् घ्या त्याले. कवापासून पाहून राहिलं तुमच्याकडं."

मी नळाशी गेले. साबण कोपरापर्यंत लावला. चष्मा घसरत होता, तो घसरू दिला.